स्पॅनिश चकमकीच्या बंदुकीची प्रतिकृती : फोंड्यातील एका कार्यशाळेचे काम

फोंडा तालुक्यातील एका लहानशा कार्यशाळेकडून मी इ.स. १७०० च्या सुमाराच्या, माद्रिद पद्धतीच्या स्पॅनिश बंदुकीची प्रतिकृती घडवून घेतली. ती घरी येऊन आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. गोव्याच्या हवेत लाकूड आणि लोखंड यांचा संसार कसा चालतो हे तेवढ्या काळात पुरते कळते, म्हणून हा अभिप्राय मी इतके दिवस लिहिला नव्हता. कार्यशाळा मुळात देव्हारे, मखरे आणि नाटकांचे सामान करणाऱ्या एका मेस्तांची आहे. त्यांचा भाचा लेथ चालवतो आणि भट्टीचे कामही तोच पाहतो. दोघांनाही नावाची प्रसिद्धी नको आहे, त्यामुळे मी नावे देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो: बंदुकीची कळ, म्हणजे ठिणगी पाडून बार पेटवणारे यंत्र, अव्वल आहे, दस्ता चांगला आहे, नळी दिसायला सुरेख पण उचलायला जड आहे, आणि या मंडळींच्या तारखेवर विसंबून कोणी समारंभ ठरवू नये.

गोव्यातल्या माणसाने पोर्तुगीज सोडून स्पॅनिश बंदूक कशाला करून घ्यावी, असे मला अनेकांनी विचारले. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालची गादी स्पेनच्याच राजांकडे होती आणि गोव्याचे व्हाइसरॉय त्यांच्याच नावाने कारभार करीत होते, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की बंदुका घडवण्याचे कसब या भूमीला परके नाही. आफोन्सो दि आल्बुकेर्कने १५१३ साली राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्यांची तुलना बोहेमियाच्या कारागिरांशी केली होती, आणि जुन्या गोव्याजवळ पणेली येथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. पण खरे सांगायचे तर या दोन्ही गोष्टी मी नंतर शोधलेल्या सबबी आहेत. मला ती कळच हवी होती.

तिला आज जगभर ‘मिकेलेट’ म्हणतात. हे नाव कातालोनियातील हलक्या पायदळाच्या नावावरून पुढे चिकटलेले आहे. स्पेनमधील कारागीर तिला ‘पातिया’ची कळ म्हणत. पातिया म्हणजे घोड्याचा पाय. घोडा म्हणजे अर्थातच बंदुकीचा, ज्याच्या जबड्यात चकमकीचा दगड धरलेला असतो. फ्रेंच पद्धतीच्या कळीत, जी लिझिएच्या मारँ ल बूर्जुआ याच्या नावावर १६१० च्या आसपास जमा केली जाते, घोड्याला जोर देणारी मोठी कमान (स्प्रिंग) आणि त्याला अडवून धरणारी खिट्टी दोन्ही, कळीचे भाग ज्यावर बसवतात त्या पत्र्याच्या मागे, लाकडाच्या पोटात दडलेल्या असतात. स्पॅनिश कळीत मोठी कमान पत्र्याच्या बाहेर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तिचा मोकळा हात घोड्याच्या टाचेला खालून वर रेटत राहतो. घोडा मागे ओढला की टाच कमानीला दाबत खाली जाते आणि पुढचा चवडा वर उचलला जातो. पत्र्याच्या भोकांतून आडव्या बाहेर येणाऱ्या दोन खिट्ट्या या चवड्याखाली एकामागून एक सरकतात. पहिली अर्ध्या चढावर घोडा अडवते आणि दुसरी पूर्ण चढावर. चाप ओढला की दोन्ही खिट्ट्या आत खेचल्या जातात, घोडा पुढे झेपावतो, दगड पोलादी झडपेवर घासतो, झडप उघडून खालची रंजकाची, म्हणजे पेटवणाच्या दारूची, वाटी मोकळी होते आणि ठिणग्या त्या वाटीत पडतात.

मी हे इतके सविस्तर लिहितो आहे, कारण अशा कळीची प्रतिकृती करताना कारागिराला काहीही झाकता येत नाही. कमान ओबडधोबड असेल तर ती दिसते, खिट्टीचे भोक सैल असेल तर तेही दिसते. बाजारात सजावटीसाठी मिळणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकांवर बाहेरून नुसता ओतीव घोडा बसवलेला असतो आणि तो बोटाने हलवला की निर्जीवपणे लुळा पडतो. मला लुळा घोडा नको होता. पहिल्या भेटीतच मी मेस्तांना तसे सांगितले. त्यावर त्यांनी किंमत सांगण्याआधी उलट मलाच विचारले, “सर, ही उडवायची आहे की टांगायची? उडवायची असेल तर आम्ही हात लावणार नाही.”

या प्रश्नासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्यावाचून बंदूक घडवता येत नाही, आणि कलम ६ नुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायलाही परवाना लागतो. ठासणीची बंदूक जुन्या पद्धतीची आहे म्हणून तिला कायद्यातून सूट मिळते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या आणि प्रत्येक निवडणुकीच्या आधी ती पोलीस ठाण्यात जमा करून येणाऱ्या गोव्यातल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आमचे ठरले ते असे: नळी भरीव लोखंडी दांड्याची असेल, तोंडाकडून फक्त वीतभर खोल पोकळ केली जाईल, मागचा भाग भरीवच राहील आणि तिला कान पाडला जाणार नाही. कान म्हणजे रंजकाची आग नळीतल्या दारूपर्यंत नेणारे छिद्र. तोफा निकामी करण्यासाठी त्यांच्या कानांत खिळे ठोकत, हा उल्लेख इतिहास वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. आमच्या बंदुकीला तर कानच दिलेला नाही. ही सगळी अट मेस्तांनी पावतीवर लिहून दिली आणि माझी सही घेतली.

किंमत ठरली पंच्याऐंशी हजार रुपये, त्यातले तीस हजार आगाऊ. मुदत ठरली दिवाळीची, म्हणजे मे महिन्यापासून सहा महिने.

कळीचे काम भाच्याने केले आणि या सबंध व्यवहारातला सर्वांत आनंदाचा भाग तोच होता. त्याला मी छापील पुस्तकांतील छायाचित्रे आणि मापांची एक आकृती दिली होती. त्याने आधी पुठ्ठ्याचे आणि मग पत्र्याचे नमुने कापले, ते खिळ्यांवर बसवून फिरवून पाहिले आणि माझ्या आकृतीत घोड्याच्या चवड्याचे माप चुकले असल्याचे दाखवून दिले. त्या मापाने दुसरी खिट्टी चवड्याखाली पोहोचलीच नसती. पत्रा, घोडा, वाटी आणि झडप त्याने मऊ पोलादाच्या पट्ट्यांतून कापून, तापवून आणि कानस मारून काढली, ओतकाम कुठेही केले नाही. घोड्याच्या जबड्यावरील स्क्रूच्या माथ्याला स्पॅनिश कळीत मोठे कडे असते. कारागिराचे हत्यार जवळ नसले तरी हाती येईल त्या सळईने ते पिळून दगड घट्ट करता यावा, अशी त्याची योजना. हे कडे बहुतेक नकलांमध्ये शोभेचे म्हणून चिकटवलेले असते. येथे ते स्क्रूसह एकाच तुकड्यातून काढलेले आहे आणि खरोखर काम करते.

मोठी कमान ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून काढली. ती लाल करून तेलात विझवली, की काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ होते. मग तिला पाणी उतरवावे लागते, म्हणजे पुन्हा बेताने तापवून थोडा मऊपणा द्यावा लागतो. पहिली कमान माझ्यादेखत तुटली. घोडा तिसऱ्यांदा चढवताना टणकन आवाज झाला आणि तुकडा थेट मखराच्या थर्माकोलमध्ये जाऊन रुतला. भाच्याने ती निळी होईपर्यंत तापवली होती खरी, पण वाकणापाशी निळाई सारखी उतरली नव्हती. दुसऱ्या खेपेस त्याने कमान तेलात भिजवून ते तेल तिच्यावरच पेटवून जाळून काढले आणि हे तीनदा केले. जुने बंदूककार कमानीला असेच पाणी उतरवीत. ही दुसरी कमान आजवर टिकून आहे आणि तिची ताकद अशी की अंगठ्याने घोडा चढवताना हात थरथरतो. स्पॅनिश कळीची ख्याती याच जोरासाठी होती. दगड वेडावाकडा किंवा बोथट असला तरी इतक्या जोराच्या रेट्याने ठिणगी पडतेच.

आमच्याकडे मात्र पहिले तीन आठवडे ठिणगी पडली नाही. घोडा धाडकन पडे, झडप उघडे आणि पलीकडे अंधार. याचे कारण साधे होते. ठिणगी दगडाची नसते, ती झडपेवरून खरवडून निघालेल्या पोलादाच्या जळत्या कणांची असते, आणि मऊ पोलाद खरवडले गेले तरी तसे पेटत नाही. झडपेच्या पृष्ठभागात कार्बन भरण्यासाठी भाच्याने ती करवंटीच्या कोळशाच्या भुकटीत आणि हाडांच्या चुऱ्यात पुरून, डबा मातीने लिंपून, दिवसभर भट्टीत ठेवली. थोडा फरक पडला, पण मनासारखा नाही. अखेर त्याने झडपेच्या तोंडाला शेपटीसारखी खाच काढून तिच्यात जुन्या कानशीतून कापलेली पट्टी ठोकून बसवली. मी खूश झालो, कारण अनेक स्पॅनिश कळींमध्ये झडपेचा मार खाणारा भाग असाच वेगळ्या पट्टीचा असे, झिजला की बदलता यावा म्हणून. त्या पट्टीवर उभ्या खाचाही असत. भाच्याला हे ठाऊक नव्हते. अडचणीने त्याला त्याच वाटेवर नेऊन सोडले. उभ्या खाचा नंतर मी सांगून पाडून घेतल्या.

दगडाचे सांगायचे तर आपल्याकडची पांढरी गारगोटी या कामाला निरुपयोगी आहे; ती दोन मारांत फुटते. मेस्तांनी खंबायती अकीकाचे तुकडे मागवले. अकीक धार चांगली धरतो, परंतु तो फार कठीण असल्यामुळे झडपेवर चरे पाडतो. अंधाऱ्या खोलीत घोडा पाडला की निळसर-पिवळ्या ठिणग्यांचा झुपका वाटीत उतरतो आणि घरातली मुले तो पुन्हा पुन्हा पाहायला मागतात. मी महिन्यातून एकदाच दाखवतो.

नळीबद्दल लिहिताना थोडा हात आखडता घ्यावा लागतो. स्पॅनिश नळ्यांचा लौकिक युरोपभर होता. स्पेनचे राजे दुसरा कार्लोस आणि नंतर पाचवा फेलिपे यांच्या दरबारचा बंदूककार निकोलास बिस, जो १७२६ साली वारला, घोड्यांच्या जुन्या नालांचे लोखंड घडवून नळ्या करी, आणि दगडी रस्त्यांवर टापांखाली कुटून निघालेले हे लोखंड सर्वांत चिवट, अशी धारणा होती. सबंध नळी एका पत्र्यातून न वळवता वीत-वीतभर लांबीचे तुकडे वेगवेगळे घडवून ते टोकाला टोक जोडीत. त्यामुळे नळी पातळ, हलकी आणि तरीही भक्कम होई. आमची नळी लेथवर काढलेला भरीव दांडा आहे, आणि घडवलेल्या लोखंडाची ती बारीक, लाकडाच्या रेषांसारखी पोत तिला नाही. ९५ सेंटिमीटर लांबीची, मागे अष्टकोनी, पुढे गोल आणि दोहोंच्या मधे कड्यांची नक्षी, हे बाह्यरूप मात्र नेमके साधले आहे. अष्टकोनाच्या आठही बाजू भाच्याने हाताने कानस मारून सरळ केल्या आणि त्यांच्या कडा अजून बोटाला जाणवतात. सबंध बंदुकीचे वजन साडेचार किलो भरते, म्हणजे असायला हवे त्याहून सुमारे दीड किलो अधिक, आणि ते सगळे पुढच्या बाजूला. खांद्याला लावून पाहणाऱ्याचा हात मिनिटभरात खाली येतो. हा दोष कार्यशाळेचा नाही, आम्ही पत्करलेल्या अटीचा आहे. तरी घेणाऱ्याला तो आधी ठाऊक असावा.

नळीच्याच बाबतीत एक प्रसंग घडला. माद्रिदचे कारागीर नळीवर आपल्या नावाचा ठसा मारून त्यात सोने भरीत. मेस्तांनी मी दिलेल्या छायाचित्रावरून बिसच्या ठशाची नक्कल कोरून तयारच ठेवली होती, आणि तीही पितळ भरून. त्यांचा हेतू मला खूश करण्याचा होता. मी ती मारू दिली नाही. स्पॅनिश ठशांच्या खोट्या नकला त्या काळीही परदेशी कारखान्यांत होत असत, आणि आजची प्रतिकृती उद्या कोणाच्या तरी हातात ‘अस्सल’ म्हणून जाण्यास एवढा एक ठसा पुरेसा असतो. मी म्हटले, “मेस्त, तुमचाच ठसा मारा.” त्यांना ते आधी पटले नाही, देवाच्या पालखीवरही आपण नाव घालत नाही, असे ते म्हणाले. शेवटी कार्यशाळेची खूण असलेली छोटी समई आणि साल, एवढे नळीच्या खालच्या बाजूस कोरले गेले. नळी दस्त्यातून काढल्यावाचून ते दिसत नाही, आणि दोघांचेही समाधान झाले.

लाकडावरून आमचा खरा वाद झाला. मूळ दस्ते अक्रोडाचे असत. मेस्तांचा आग्रह शिसवाचा होता, कारण ते त्यांच्या हातातले आणि दिसायलाही श्रीमंत. पण शिसव जड, आणि आधीच जड झालेल्या बंदुकीला ते सोसणार नव्हते. त्याचा काळपट जांभळा रंगही माद्रिदचा वाटला नसता. काश्मिरी अक्रोडाची फळी मागवावी लागली आणि तिचे अकरा हजार रुपये मी वेगळे दिले. ती आल्यावर मेस्तांनी लगेच करवत लावली नाही. अख्खा पावसाळा ती माळ्यावर आडवी ठेवली, “तिला आधी आमची हवा पिऊ द्या,” असे म्हणून. तेव्हा मी चडफडलो होतो. आज त्या चार महिन्यांचे मोल कळते: मार्चच्या कोरड्या हवेत कळीचा पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली, जुलैत ती मिटली, आणि दस्ता कुठेही पिळला नाही की चिरला नाही. कळीसाठी लाकडात काढलेला खड्डा तर पाहण्यासारखा आहे. पत्रा काढून पाहिला तर प्रत्येक खिट्टीपुरतीच जागा कोरलेली दिसते, त्याहून एक पटाशीही जास्त नाही.

दस्त्याच्या मागच्या भागावर माद्रिद पद्धतीचे लांब पन्हळ आहेत आणि ते चांगले साधले आहेत. मात्र एके दिवशी मी गेलो तर कळीच्या मागे नाजूक वेलबुट्टी अवतरली होती, अगदी देव्हाऱ्याच्या चौकटीवर शोभावी अशी. कोणी सांगितली, असे विचारले तर, “रिकामे दिसत होते,” असे उत्तर आले. मेस्तांनी ती तक्रार न करता रंधून काढली, पण तेवढ्या जागेत दस्ता दोन मिलिमीटर पातळ झाला आणि जाणत्याच्या हाताला ते समजते. पितळी साजाचा बेतही असाच वेळीच अडवावा लागला. फोंड्यात पितळकाम उत्तम होते हे मान्य, परंतु या बंदुकीला लोखंडी साजच हवा होता. ज्याला अचूक प्रतिकृती हवी असेल त्याने दर पंधरवड्याला स्वतः जाऊन बसावे, हा माझा सल्ला आहे. या मंडळींना रिकामी जागा सोसत नाही.

आता तक्रारी. दिवाळीला मिळायची बंदूक पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मिळाली. चार महिने लाकडाचे, ते मी सोडून देतो. उरलेला काळ मखरांच्या गर्दीत, लग्नसराईच्या पलंगांत आणि जत्रांच्या नाटकांत गेला. एका ऐतिहासिक नाटकासाठी लाकडी तलवारी आणि बंदुकांची मागणी आली तेव्हा माझी बंदूक तब्बल दीड महिना बाकाखाली पडून होती, आणि ही गोष्ट मला भाच्याकडून कळली, मेस्तांकडून नाही. फोन लागत नाही. लागला तर “झालेच आहे” हे ठरलेले उत्तर मिळते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कळीचा पत्रा चकाकीसाठी त्यांनी मला न विचारता बाहेरच्या एका पॉलिश करणाऱ्याकडे दिला, आणि त्याने यंत्राच्या चाकावर धरून त्याच्या सगळ्या कडा गोल करून टाकल्या. हाताने काढलेल्या धारदार कडा दहा मिनिटांत गेल्या. मी नाराजी दाखवल्यावर भाच्याने पत्रा पुन्हा नवा कापून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण त्यातही पाच आठवडे गेले.

सरतेशेवटी लाकडासह एकूण शहाण्णव हजार रुपये झाले. वर्षभर दोन माणसांचे हात थोडेथोडे का होईना लागले, हे धरले तर रक्कम मला जास्त वाटत नाही. ज्यांना भिंतीवर नुसती शोभा हवी आहे त्यांनी हा खर्च करू नये. नाटकमंडळ्यांनीही करू नये. रंगमंचावर साडेचार किलोची बंदूक घेऊन कोणी नट धावणार नाही. शाळेच्या किंवा एखाद्या छोट्या संग्रहालयाच्या कपाटासाठी मात्र नळी आणि दस्ता वगळून केवळ कळ करून घ्यावी, असे मी आवर्जून सुचवीन. मुलांना घोडा, खिट्टी, कमान आणि ठिणगी एका नजरेत दाखवणारे इतके उघडे यंत्र दुसरे क्वचितच सापडेल. मी मेस्तांना विचारले तेव्हा त्यांनी लाकडी पाटावर बसवलेल्या नुसत्या कळीचे अठ्ठावीस हजार सांगितले आणि मुदत सांगायचे टाळले.

निगा राखणे जिकिरीचे आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या पोलादावर आठवड्यात तांबूस डाग चढतात, म्हणून पावसाळ्यात मी दर रविवारी कळीवरून तेलाचा बोळा फिरवतो आणि नळीवर मेणाचा हात देतो. दस्त्याला वर्षातून दोनदा जवसाचे तेल पुरते. कमान कधीही चढवून ठेवू नये, घोडा उतरवूनच बंदूक खुंटीवर लावावी, असे भाच्याने बजावले आहे. बंदूक ताब्यात देताना त्याने तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून एक जास्तीची मोठी कमान माझ्या हातात ठेवली, तिचे पैसे लावले नाहीत. ती अजून त्याच फडक्यात आहे.